मदत हवी आहे: १० − ४ + ३ चं उत्तर ३ का नाही, हे मुलीला कसं पटवू?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगी सातवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. गणितातल्या क्रिया कोणत्या क्रमाने करायच्या, ते लक्षात ठेवायला शाळेत इंग्रजीतलं बॉडमास शिकवलं, घरी मी माझ्या वेळचं कंचेभागुबेव: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. काल तिने १० − ४ + ३ असं सोडवलं:

४ + ३ = ७
१० − ७ = ३

मी म्हटलं, ९ यायला हवेत. तर म्हणाली, "आई, तूच सांगितलंस ना, आधी बेरीज?" मला उत्तर सुचलं नाही. समीकरणातही असंच होतं. १० − (क्ष − ४) = ५ मधला कंस काढताना ती १० − क्ष − ४ = ५ लिहिते आणि क्ष = १ काढते. चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपली की परीक्षा आहे. पण मला नुसता नियम पाठ करून घ्यायचा नाही, तिला कळायला हवं.

प्रतिसाद:
ताई, मुलीने तुमचा शब्द तंतोतंत पाळला, तिला रागावू नका. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तेच: २४ ÷ ६ × २ म्हणजे ४ × २ = ८. अमेरिकेत याच क्रमासाठी पेमडास शिकवतात, त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं, तरी उत्तर ८च.

तिला मात्र नारळ मोजून दाखवा. घरात १० नारळ. ४ पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) दिले, ३ शेजारणीने आणून दिले. उरले ९. तिने केलं ते १० − (४ + ३), म्हणजे शेजारणीचे ३सुद्धा देऊन टाकले. चिन्ह त्याच्या लगेच पुढच्या संख्येचं असतं. +१०, −४, +३ अशा प्रत्येक संख्येभोवती चिन्हासकट गोल काढून घ्या.

कंसातही नारळच. क्ष द्यायचे होते, पण ४ कमी दिले. ते ४ घरातच राहिले, म्हणून + ४:

१० − क्ष + ४ = ५
१४ − क्ष = ५
क्ष = ९

ताळा: १० − (९ − ४) = १० − ५ = ५. आता तिच्या क्ष = १ चा ताळा तिलाच करू द्या. १० − (१ − ४) = १३ येतात. चूक तिची तिलाच सापडेल.

धागाकर्ती:
नारळ लगेच पटले! मनापासून आभार. पण १४ − क्ष = ५ वरून क्ष = ९ कसं झालं, ते तिला दिसत नाही. "पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं?" असं विचारते.

प्रतिसाद:
फार चांगला प्रश्न विचारलाय तिने. पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंत क्ष मिळवा: १४ = ५ + क्ष. मग दोन्ही बाजूंतून ५ वजा करा: ९ = क्ष. पक्षांतर म्हणजे हेच, थोडक्यात लिहिलेलं. परीक्षेपर्यंत तिला प्रत्येक पायरी पूर्ण लिहू द्या, वही भरली तरी चालेल.

धागाकर्ती:
आज रात्री पाच गणितं अशीच सोडवायला बसतो. अडलं तर इथेच विचारेन.