पाचवे वर्ष घ्यावे का?
आपली मुलगी अमेरिकेत ३.३ जीपीएवर (म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणीगुणांवर) पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मेडिकलच्या अर्जापूर्वी त्याच कॉलेजात आणखी एक वर्ष काढावे का, असे आपण विचारले आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. पदवीच्या १२० क्रेडिटनंतर (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) आणखी ३० क्रेडिट निव्वळ ‘ए’ श्रेणीत, म्हणजे चारपैकी चार गुणांनी, मिळवले, तरी सरासरी ३.४४ पर्यंतच जाते. मात्र विज्ञानविषयांचा जीपीए अर्जात वेगळा काढला जात असल्याने तिथली चढती कमान निवड समितीच्या नजरेत भरते. गुण विज्ञानातच कमी असतील, तर पाचवे वर्ष जरूर घ्यावे. एरवी नाही. माझ्या मुलाने पदवीनंतर वर्षभर स्क्राइबचे काम केले, डॉक्टरांच्या मागे लॅपटॉप घेऊन उभ्याने टिपणे लिहिली, आणि फीचे कर्जही वाढले नाही.