मायच्या इकोत 'पंपिंग ६० टक्के', मग पाय का सुजतात? (उजव्या कप्प्याबद्दल मदत हवी आहे)

केळीवाला_रावेर

मंडळी, नमस्कार. इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारतोय.

माय ६४ वर्षांची. उभं आयुष्य चुलीपुढे गेलं. गॅस येऊन बरीच वर्षं झाली, पण भाकरी आणि भरताची वांगी आजही पऱ्हाट्यांवरच. गॅसवर भाजलेल्याला ती भरीत म्हणतच नाही. हिवाळ्यातला खोकला जुनाच. यंदा दिवाळीपासून मात्र ओट्यावरून अंगणात येईस्तोवर धाप लागते, 'माले दम लागस रे' म्हणून मधेच बसते. महिनाभर पाय सुजलेत, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. मानेची शीर फुगलेली दिसते. जेवण निम्म्यावर आलं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणते.

तालुक्याला हृदयाचा इको केला. तपासणाऱ्यांनी 'पंपिंग छान आहे, ६० टक्के' म्हणून पुढचा पेशंट आत घेतला. घरी येऊन रिपोर्ट वाचला तर खाली लिहिलेलं: उजवा कप्पा मोठा, टॅप्सी १३ मिमी, आरव्हीएसपी ५८. लघवीची गोळी चालू आहे. सुरतचा भाऊ म्हणतो, ६० टक्के म्हणजे हृदय ठणठणीत, गोळीपायी ती रात्री चारदा उठते, बंद करा. गावातले गुरुजी म्हणतात, उजवा कप्पा फक्त फुप्फुसापर्यंत रक्त पोचवतो, खरं काम डाव्याचं.

हे ६० टक्के कुठल्या बाजूचे? डावी बाजू चांगली असताना उजवी एवढा त्रास देते का?

धुळेकर_डॉक

आधी हे: गोळी मनाने बंद करू नका. रात्रीची असेल तर सकाळी देता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

६० टक्के डाव्या कप्प्याचे. रिपोर्टात नुसतं 'इएफ' (पंपिंगची टक्केवारी) लिहिलं की ते डाव्याचंच.

गुरुजींचं अर्धं बरोबर. पोचवतो फुप्फुसापर्यंतच, पण रक्त तेवढंच. विश्रांतीत दर ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ५ लिटर, दोन्ही कप्प्यांचं सारखं. कारण दोघे एकामागे एक जोडलेत. उजव्याने पुढे दिलं तेवढंच डाव्याला मिळणार. तुम्हाला मोटारीच्या भाषेत सांगतो, डिस्चार्ज (किती पाणी फेकलं) एकच, हेड (किती दाबाविरुद्ध चढवायचं) वेगळं. डाव्याला १२० चा दाब उचलायचा असतो, उजव्याला २५ च्या आसपास. म्हणून उजव्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिमी, डाव्याची दुप्पट किंवा जास्तच.

आता ठिबकच्या नळ्या क्षाराने चोक झाल्या असं समजा. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसं खराब झाली, की ऑक्सिजन कमी पोचतो त्या भागातल्या रक्तवाहिन्या आखडतात. थोडा भाग असेल तर ही शरीराची हुशारीच आहे, रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण सगळीकडेच आखडल्या तर कमी हेडच्या मोटारीला दुप्पट हेड ओढावं लागतं. तुमचा आरव्हीएसपी, म्हणजे उजव्या कप्प्यातला दाब, ५८ हा तो आकडा. कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, आणि मागे पाणी तुंबतं: मानेच्या शिरा, यकृत, पाय. बरगडीखालचं जडपण बहुधा यकृताचं. डाव्याचा इएफ यात शेवटपर्यंत छान दिसू शकतो!

टॅप्सी म्हणजे ठोक्यागणिक उजव्या झडपेचं कडं किती खाली सरकतं ते माप. हा कप्पा मुख्यतः लांबीत आखडतो, म्हणून ते मोजतात. १७ च्या खाली म्हणजे जोर कमी झालाय.

पाटणादेवी

(डॉक्टर नाही, शरीरशास्त्र शिकवते.) गुरुजींना हसू नका. १९४३ साली कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत डागून निकामी केली, तरी शिरांमधला दाब फारसा वाढला नाही. त्यावरून पुढे कित्येक वर्षं जाणकारही या कप्प्याला नुसती वाट समजत. मेख अशी की त्या कुत्र्यांची फुप्फुसं निरोगी होती आणि मधला पडदा शाबूत. डावा कप्पा आखडताना त्या पडद्यातून उजव्यालाही हात देतो. तुमच्या आईंच्या बाबतीत फुप्फुसाकडेच अडलंय, तिथे ही उसनवारी पुरत नाही.

केळीवाला_रावेर

आता कळलं. शेजारी कोरोनातलं ऑक्सिमीटर होतं, ते आणलं. बसून ८६, अंगणात फेरी मारल्यावर ८०. बोटं गरम करूनही तेच. कमी आहे का?

धुळेकर_डॉक

कमी आहे. उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या सोबत. धमनीतल्या रक्ताची तपासणी सांगतील. घरी ऑक्सिजन द्यायचा ठरला तर दिवसाचे किमान १५ तास लावावा लागतो, धाप लागली की तासभर असं चालत नाही. आणि प्रवाह आपल्या मनाने वाढवायचा नाही, जुन्या फुप्फुसाच्या आजारात त्यानेही घात होतो. ओठ निळे पडले, गुंगी आली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.

केळीवाला_रावेर

गाडी सांगून ठेवली, पहाटे निघतो. भावाला फोनवर हेडचं वाचून दाखवलं, गोळीचं नाव नाही काढलं त्याने परत. मायचा एकच प्रश्न आहे, मग वांगी कोण भाजणार?

पाटणादेवी

अंगणात, सूनबाईंनी नाही, तुम्ही!