कोल्हापूरहून पॅसेंजरनं येणारा हाफ

रेल्वेकॉलनी

आमच्या मिरजेच्या फुटबॉल मंडळानं यंदा कोल्हापूरचा एक मिडफिल्डर घेतलाय. बावीस वर्षांचा पोरगा. मॅचच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं उतरतो, दुपारी खेळतो, संध्याकाळच्या गाडीनं परत. मॅचला दीड हजार आणि गाडीभाडं. दोन मॅच झाल्या, दोन्ही जिंकलो. तरी मला हे पटलेलं नाही. मंडळाच्या बैठकीत विरोधात मी एकटाच होतो, म्हणून इथं मांडतोय.

त्या जागी सात वर्षं जो खेळत होता तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. शटर ओढून, हात न धुता सरावाला यायचा. आता बाकावर बसतो, पाण्याच्या बाटल्या देतो. कुणाला काही बोलला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

वडील मीटरगेजवर फायरमन होते, त्यामुळं आमचं लहानपण कॉलनीच्या मैदानावर गेलं. तेव्हा मिरजेत तिन्ही गेज, म्हणजे रुळांच्या तिन्ही रुंद्या होत्या. बेळगावकडं जाणारी मीटरगेज, पुणे-कोल्हापूरची ब्रॉडगेज आणि पंढरपूरची ती अडीच फुटी छोटी गाडी. कुणाकडं घड्याळ नसायचं. पंढरपूरची गाडी सुटली की हाफटाइम. ती कधीच वेळेवर सुटत नसे, म्हणून पहिला हाफ कधी वीस मिनिटांचा तर कधी तासाचा. पण अकराच्या अकरा आपले असायचे. हरलो तरी आपलेच हरायचे. भाड्यानं आणलेल्या पायांनी जिंकून ढोल वाजवायचा तो कशासाठी?

सेंटरहाफ६२

पहिली गोष्ट, मिडफिल्डर हा तुमचा शब्द. आम्ही हाफ म्हणायचो.

दुसरी, "आपले अकरा" वाचून हसू आलं. मीही त्याच मैदानावर खेळलोय बाळा, तुझ्या आधी. १९६६ पासून मिरज दक्षिण मध्य रेल्वेत होतं, हुबळी विभागात. अजून त्याची खूण आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसचा नंबर बघ, १७४११. त्यातला एकानंतरचा सात दक्षिण मध्यचाच. तर कॉलनीतली माणसं कुठली होती? गोली हुबळीचा, लेफ्ट बॅक लोंढ्याचा, आणि आमच्या कॅप्टनला मराठीत फक्त शिव्या येत होत्या. त्याही कानडी हेल काढून. तू लहान होतास, तुला ते सगळे मिरजेचेच वाटले.

मिरज मोठं झालं ते गाडी बदलायला उतरलेल्या माणसांवर. गेज वेगळा म्हटल्यावर माणूसही उतरायचा आणि मालही. हमाल एका वाघिणीतून दुसरीत पोती टाकायचे. त्या गावानं बाहेरचा नको म्हणावं?

रेल्वेकॉलनी

काका, मान्य. पण हुबळीचा गोली बिऱ्हाड घेऊन यायचा. त्याची पोरं आमच्या शाळेत होती, त्याच्या घरी आम्ही डोसे खाल्लेत. संध्याकाळच्या गाडीनं परत जात नव्हता तो. बदली आणि भाडं यात फरक आहे की नाही?

सेंटरहाफ६२

आहे. हा मुद्दा चांगला काढलास. उत्तर सुचलं की लिहितो.

हळदबाजार

मी सांगलीचा, त्यामुळं मिरजेच्या टीमचं मला फारसं सुखदुःख नाही 😀 पण मत रेल्वेकॉलनींच्या बाजूचं आहे. लिव्हरपूलचं बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांना झुबिमेंडी हा स्पेनचा हाफ हवा होता. त्यानं नकार दिला. मग त्यांचा कोच आर्ने स्लॉटनं काय केलं? घरात होता त्या ग्राव्हेनबर्खलाच खाली, डिफेन्सच्या पुढं खेळवलं आणि त्याच मोसमात लीग मारली. आधी घरातल्याला नीट शिकवून बघा. वेल्डर सात वर्षं धावला म्हणता, त्याला कुणी बसून सांगितलं का, बॉल कधी सोडायचा ते?

अंकलीपूल

ग्राव्हेनबर्ख काय लिव्हरपूलच्या बोळात जन्मला का राव? ॲमस्टरडॅमचा पोरगा. आयाक्समधून बायर्नला, तिथं बाकावर बसून कंटाळला, मग २०२३ मध्ये पैसे मोजून लिव्हरपूलनं आणला. "घरातला" म्हणे. असा घरातला तर कोल्हापूरचा पोरगाही वर्षभरात होईल.

आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, तेव्हा आपण सगळे छाती काढून फिरत होतो. आपलं पाणी लातूरला चालतं, मग कोल्हापूरचा हाफ आपल्याला का चालू नये?

हळदबाजार

लातूरला घशाला कोरड पडली होती म्हणून नेलं. आपल्याला कसली कोरड पडलीय? ढालीची?

पेठेतला

कोल्हापुरातून लिहितोय, बाहेरचा म्हणून हाकलू नका. तो पोरगा आमच्या शेजारच्या गल्लीतला. त्याचं कौतुक करणार नाही, तुम्ही बघताय. फक्त एक सांगतो. त्याच्यात आणि तुमच्या वेल्डरमध्ये पायांचा फरक फार नाही, मॅचचा आहे.

आमच्याकडं केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग असते. एक मॅच हरली तरी पुढची असतेच. शाहू स्टेडियमवर माणूस भरलेला, चूक झाली की गॅलरीतून आई-बहीण निघते, आणि पुढच्या मॅचला पुन्हा त्याच गॅलरीसमोर उभं राहायचं. त्यातून पोरगं शिकतं. तुमच्याकडं सगळ्या नॉकआउट स्पर्धा. पहिल्या फेरीत हरला की बॅग उचला. वर्षाला चार स्पर्धा आणि चारही पहिल्याच फेरीत गेल्या, तर वर्षात किती मॅच झाल्या? चार. चार मॅचमध्ये हाफ तयार होत नसतो. फॉरवर्ड एखादा उपजत निघेल, गोली निघेल. हाफ नाही. त्याला समोरच्यांचं आणि आपल्यांचं, दोन्हीकडचं वाचायला लागतं आणि ते खेळूनच येतं.

बाहेरच्यांचा वाद आमच्याकडंही आहे बरं का. नायजेरियाचे खेळाडू येऊन आमच्या तालमींकडून (फुटबॉलचे संघ तालमींचेच) खेळतात. एक गट म्हणतो त्यांनी खेळ वाढवला, दुसरा म्हणतो पेठेतल्या पोरांची जागा गेली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळं भांडण मिटत नाही. तरी याच कोल्हापुरातून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळून आला.

सेंटरहाफ६२

हे खरं बोललात. आमच्या वेळी रोज संध्याकाळी मॅच व्हायची, लोको शेड विरुद्ध पार्सल ऑफिस. तिथं शिकलो. आता कॉलनीच्या मैदानात गुडघ्याएवढं गवत आहे.

विश्रामबागवाली

माझा चौदा वर्षांचा मुलगा त्याच मंडळात सरावाला जातो. गेल्या महिन्यापासून घरात एक नवीन खूळ आहे. स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघताना आधी डाव्या खांद्यावरून मागं बघतो, मग उजव्या. विचारलं तर म्हणाला, कोल्हापूरचा दादा पास घ्यायच्या आधी असंच बघतो, म्हणून त्याच्यापाशी बॉल यायच्या आत त्याला सगळं माहीत असतं. सात वर्षांत हे कुणी शिकवलं होतं का? रेल्वेकॉलनी दादा, राग मानू नका, पण मला दीड हजार वसूल वाटतात.

शिवाय याच सांगलीतली स्मृती मानधना जगभर क्रिकेट खेळते आणि फुटबॉलच्या मंडळात मुलींसाठी साधी वेळ राखलेली नाही. बाहेरचा-आतला करताना आतल्यांत मुली धरल्यात का?

रेल्वेकॉलनी

ताई, मुलींचं तुमचं बरोबर आहे. बैठकीत मांडतो. (मी मांडलेलं तिथं पास होत नाही, ही वेगळी गोष्ट.)

खांद्यावरून बघण्याचं मीही पाहिलंय. खोटं कशाला बोलू, त्याचा खेळ बघायला आवडतो. डोळ्यांना आवडतो आणि पोटात दुखतं. पण पेठेतले म्हणतात तसं लीग हवी असेल, तर दीड हजार गुणिले मॅच हा पैसा त्यात का जात नाही? सांगली, मिरज, जयसिंगपूर, जमलं तर इचलकरंजी. दर रविवारी एक मॅच. भाड्याचा हाफ आणला की मंडळाला वाटतं प्रश्न सुटला, आणि लीगचं नाव कुणी काढत नाही. माझा राग त्या पोरावर नाही. राग आहे तो आमच्या आळसावर, आणि तो आळस जिंकतोय.

अंकलीपूल

आता खरं बोललात. हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर ग्राव्हेनबर्खला मिरजेपर्यंत यायला लागलं नसतं.

तरी हाफ ठेवाच. लीग होईपर्यंत काय हरत बसायचं?

हळदबाजार

होय. तोवर हरत बसायचं, आणि वेल्डरला खेळवायचं.

सेंटरहाफ६२

बदली आणि भाडं, उत्तर सुचलं. हुबळीचा गोलीही पहिल्या वर्षी दर शनिवारी गावाकडं पळायचा. बिऱ्हाड दुसऱ्या वर्षी आणलं. आम्ही त्याला पहिल्याच वर्षी घरी जेवायला बोलावलं होतं. तुम्ही या पोराला अजून कुणी बोलावलंत का? का स्टेशनवरच्या वड्यावर खेळवताय?

रेल्वेकॉलनी

नाही बोलावलं. याला उत्तर नाही माझ्याकडं.

रेल्वेकॉलनी

आज सेमी आहे. पाऊण तासात सुरू. आज तो सकाळऐवजी दुपारच्या गाडीनं येतोय आणि फोन लागत नाही. सिंगल लाइन, हातकणंगल्याला क्रॉसिंगला थांबवली असेल तर झालंच. कुणी ॲपवर बघून सांगा, गाडी कुठं आहे? उशीर असेल तर वेल्डरला बूट घालायला सांगतो. तो मघापासून बूट मांडीवर घेऊन बसलाय.

पेठेतला

मी त्याच डब्यात आहे, म्हटलं एकदा बघून यावं तुमचं मैदान. हातकणंगल्याला पंचवीस मिनिटं खाल्ली. जयसिंगपूर सोडलं, आता कृष्णेच्या पुलावर आहोत. त्यानं बूट गाडीतच घातलेत.