देवदाराखालची ही बारकी अळंबीची छत्री कसली?

रंकाळा_कट्टा: मनालीला गेलतो, हिडिंबा मंदिरामागच्या देवदारात कुजक्या ओंडक्यावर ही दिसली, टोपी नखाएवढी, मधाच्या रंगाची, दांडा काडीगत. आपल्याकडं पावसात वारुळावर अळंबी येत्यात तसली नव्हती. दोनचार पिशवीत घालून आणल्यात, बायको म्हणती रश्श्यात टाकूया 😄

तांबडा_पांढरा: भावा रश्श्याचा नाद सोड! खालच्या पाकळ्या कसल्या रंगाच्या? दांड्यावर बारीक कडं हाय काय?

रंकाळा_कट्टा: पाकळ्या तपकिरी, कडं असल्यागत वाटतंय पुसट.

गवताळ: मग गॅलेरिना ह्या विषारी अळंबीचा संशय येतोय, सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या लाकडावर येती, त्यात अ‍ॅमाटॉक्सिन नावाचं विष असतं, शिजवून जात नाय आणि त्रास सहा तास ते दिवसभरानं सुरू होतो तवर लिव्हरची वाट लागायला सुरुवात झालेली असती. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पाकळ्या खाली करून ठेव, वर वाटी झाक, बीजाणूंचा ठसा उठतो. गंजासारखा तपकिरी ठसा उठला तर संशय पक्का, पांढरा उठला तर मायसिना वगैरे दुसरी कसली अळंबी. फोटोवरनं छातीठोक कोण सांगत असंल तर ऐकू नकोस. आणि पांढरा ठसा आला म्हंजे खायची असं नव्हं हां.

रंकाळा_कट्टा: ठसा तपकिरीच आला राव. पिशवीसकट फेकली.

तांबडा_पांढरा: हात धुतलास न्हवं? 😅