‘युग्मन’ की ‘सांगड’? ‘स्पिन-मेकॅनिकल कपलिंग’ला मराठी शब्द

प्रश्न : कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांपुढं नॅनो उपकरणांवर मराठीत बोलायचंय. ‘स्पिन-मेकॅनिकल कपलिंग’चं ‘परिवलन-यांत्रिक युग्मन’ केलं, पण ते ऐकून डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही. दुसरं काही सुचतंय का?

उत्तर : ‘युग्मन’ सोडा, ‘सांगड’ घ्या. आता आपण जमाखर्चाची सांगड घालतो, पण सांगड ही मूळची नदी उतरायची वस्तू. दोन होड्या नाहीतर वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेली. एका होडीत माणूस चढला की दुसरी डुलते, दुसरीला लाट लागली की पहिली हलते. तुमच्या विषयातही नेमकं हेच आहे. केसाहून कितीतरी बारीक, एकाच टोकाला धरलेली सिलिकॉनची पट्टी, तिच्या मोकळ्या टोकावर इवलंसं चुंबक. पट्टी थरथरली की शेजारच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, त्याच्या स्पिनची, म्हणजे त्याला इवलंसं चुंबक बनवणाऱ्या अंगच्या गुणाची, ऊर्जा बदलते. उलट स्पिन पालटला की पट्टीला बसणारी ओढ पालटते. 2004 साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत एकट्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनची ही ओढ टिपली. न्यूटनच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग, तसले दोनेक!

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत मोटार आणि पंपाच्या मध्ये बसवतात ते कपलिंग मुलांना माहीत असेल, पण तिथं मोटार फिरवते आणि पंप फिरतो. सांगडीत दोघंही एकमेकांना हलवतात.

‘परिवलन’ तर मला चूकच वाटतं. परिवलन पृथ्वी करते. इलेक्ट्रॉनला फिरती गोळी मानून हिशेब केला, तर तिचा पृष्ठभाग प्रकाशाहून वेगानं फिरावा लागतो. मी ‘पीळ’ म्हणेन. चऱ्हाट कोपऱ्यात नुसतं पडलेलं असलं तरी पीळ त्यात असतोच, उजवा नाहीतर डावा. त्याला घागर टांगली की ती आपसूक फिरू लागते. स्पिनचंही तसंच. आइन्स्टाइन आणि द हास या भौतिकशास्त्रज्ञांनी 1915 साली लोखंडी कांडी बारीक तंतूनं टांगली, भोवती तारेचं वेटोळं ठेवलं. वेटोळ्यातल्या विजेची दिशा उलटली की कांडीचं चुंबकत्व, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, उलटायचं आणि कांडी अंगानं वळायची. स्पिनची कल्पना त्यानंतर दहा वर्षांनी, 1925 साली आली.

आक्षेप : सांगड फार आवडली. पीळ नको. चऱ्हाटाचा पीळ सैल करता येतो, इलेक्ट्रॉनचा स्पिन कमीजास्त होत नाही, फक्त दिशा पालटतो. शिवाय ‘टॉर्शन’ला, म्हणजे तार पिळवटण्याला, आपण पीळच म्हणतो, आणि या उपकरणांपैकी काहींत पिळवटणाऱ्या तारा असतात. एका वाक्यात दोन पीळ आले की मुलं गोंधळणार.

उत्तर : टॉर्शनचा मुद्दा बिनतोड आहे. मग ‘स्पिन’च राहू दे, पीळ फक्त समजावायला वापरा. ‘यांत्रिक’ही काढा, त्या पट्टीत यंत्र कुठलं, ती नुसती हलते.

प्रश्नकर्ती : ‘स्पिन आणि हालचाल यांची सांगड’ असं लिहिते. चऱ्हाट गोठ्यातलंच नेईन, घागरही आहे घरी.