उरलेल्या गोळ्या फ्लश केल्या तर माशांना खरंच काही होतं का?

डबेवाली_सून:
सासऱ्यांना जाऊन दीड महिना झाला, आज त्यांचा औषधांचा डबा उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात बीपीच्या गोळ्या, झोपेच्या, अर्धवट राहिलेल्या अँटिबायोटिकच्या स्ट्रिपा आणि डायक्लोफिनॅक मलमाच्या तीन ट्यूबा. नणंद म्हणते फ्लश कर आणि मोकळी हो, मुलगा म्हणतो मासे मरतात. आमचं सांडपाणी शेवटी नदीतच जातं हे कळतं, पण एवढ्याशा गोळ्यांनी एवढ्या मोठ्या नदीत काय होणारे?

गळवाला:
मरत नाहीत हो ताई, तोच तर घोळ आहे, मेले असते तर पेपरात फोटो आला असता. कॅनडात ओंटारियोमध्ये प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत, त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ दर उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, किती तर लिटरला ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्ज तुकडे करा आणि त्यातले पाच-सहा उचला. तेवढ्यावर नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनायला लागलं, जे खरं मादीचं काम. फॅटहेड मिन्नो नावाचा बोटभर मासा तळ्यातून जवळपास संपला, मग त्याच्यावर जगणारे ट्राउटही घटले. औषध बंद केल्यावर काही वर्षांनी मिन्नो परत आले म्हणा.

पाटाचं_पाणी:
कॅनडाचं ठीके. इथे अख्खी गटारं नदीत सोडतात आणि आपण एका डब्यावर चर्चा करतोय!

ईटीपी_नाईट_शिफ्ट:
बरोबर बोललात. मी औषध कंपनीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट चालवतो, नाव नका विचारू. रोज पीएच, सीओडी, बीओडी (पाणी किती आंबट-खारट आणि किती घाण ते सांगणारे आकडे) लिहितो, पाण्यात औषध किती उरलं हा रकानाच नाही रजिस्टरला. टाकीतले जिवाणू सगळंच खात नाहीत, काही रेणू जसेच्या तसे पुढे जातात. हैदराबादजवळ पाटणचेरूला जवळपास ९० औषध कारखान्यांचं पाणी एका प्रक्रिया केंद्रात यायचं, तिथून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे ट्रीट झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं, २००७ ला छापून आलं होतं. गोळी खाल्लेल्या पेशंटच्या रक्तात पण एवढं नसतं. नंतर तेच पाणी ५०० पट पातळ करून बेडकाची शेपटीवाली पिल्लं त्यात ठेवली तरी त्यांची वाढ ४० टक्क्यांनी कमी.

डबेवाली_सून:
बापरे. आणि झोपेच्या गोळ्या? मासे झोपतात का मग 😅

गळवाला:
उलटं होतं! स्वीडनमध्ये पर्च माशांना ऑक्साझेपाम ह्या चिंता कमी करणाऱ्या, झोपेच्या गोळ्यांच्याच कुळातल्या औषधाच्या पाण्यात ठेवलं, लिटरला २ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी, तर ते जास्त हालचाल करायला लागले, कळप सोडून एकटे फिरायला लागले आणि खायला पण जास्त लागले. आता कळप सोडलेला मासा म्हणजे मोठ्या माशाला वाढलेलं ताटच की. तुमच्या मलमाचं सांगायचं तर ते त्वचेत थोडंसंच मुरतं, बाकी अंघोळीबरोबर मोरीत, त्यामुळे सासऱ्यांच्या वापरलेल्या ट्यूबा केव्हाच नदीला पोचल्यात. आणि खाल्लेल्या गोळ्याही लघवीतून जातातच, ते आपल्या हातात नाही. ह्या उरलेल्या तेवढ्या टॉयलेटमध्ये टाकू नका, केमिस्टला विचारा परत घेतो का.

ईटीपी_नाईट_शिफ्ट:
एक अपवाद आहे. केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी काढलीये, ट्रामाडोल, फेंटॅनिल ही जबर वेदनाशामकं, डायझेपाम वगैरे. ती घरात कोणाच्या तोंडात गेली तर जिवावर बेतू शकतं म्हणून फ्लशच करा म्हणतात. स्ट्रिपवरचं नाव बघून घ्या.

डबेवाली_सून:
बघितलं. झोपेच्या स्ट्रिपवर डायझेपाम लिहिलंय. आता मुलाला काय सांगू?