सनमायका लावलेला ओटा घरीच कापून बसवताना: सिंकचे भोक आणि वाकडी भिंत

प्रश्न (कोपरखैरणे)
आमच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला काटकोनात जोडून, लहान सिंक बसेल असा दुसरा ओटा मी स्वतः बसवणार आहे. १९ मिमी प्लायवर १ मिमी सनमायका सुताराकडून चिकटवून आणला आहे. उरलेल्या तुकड्यावर जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची विजेवरची करवत) चालवून पाहिला असता कडेचे टवके उडाले. शिवाय भिंत सरळ नाही. एका टोकाला सुमारे ८ मिमी फट राहते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (ठाणे, घोडबंदर रोड)
जिगसॉच्या साध्या पात्याचे दात वर येताना कापतात, म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात. फळी उलटी करून, बारीक दातांच्या पात्याने मागून कापावी. मात्र मागून आखताना डावे-उजवे बदलते, हे आखणीपूर्वीच लक्षात घ्यावे. हातकरवतीने कापणार असाल, तर सनमायका वरच ठेवावा.

सिंकसाठी चारही कोपऱ्यांत रेषेच्या आतून १० मिमीचे भोक पाडावे आणि मग भोकाभोकांमध्ये कापावे. टोकदार कोपऱ्यातून सनमायक्याला पुढे तडा जातो, गोलाईत तो धोका कमी असतो. शेवटची बाजू कापताना आतला तुकडा खालून धरायला कोणीतरी हवे, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटून कड ओरबाडतो.

भिंतीसाठी पुढची कड हवी तशी समांतर ठेवून फळी भिंतीला टेकवावी, सर्वांत मोठ्या फटीएवढा जाड ठोकळा भिंतीलगत सरकवत त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी आणि उमटलेल्या रेषेवर कापावे. त्यासाठी फळीची रुंदी तेवढी जास्त असायला हवी. कानस नेहमी सनमायक्याकडून प्लायकडे चालवावी.

उत्तर २ (सीवूड्स)
कापण्यापेक्षा पाण्याची काळजी अधिक करावी. सिंकखालचा प्लाय आयएस ७१० दर्जाचा, म्हणजे मरीन (पाण्याला अधिक टिकणारा) असणे उत्तम. तरीही कापलेली उघडी कड पाणी ओढतेच आणि फुगलेला प्लाय पुन्हा पूर्ववत होत नाही. भोकाच्या आतील कडेला पॉलियुरेथेनचे (पाणी रोखणाऱ्या वॉर्निशचे) दोन हात द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत, मगच सिलिकॉन (फट बुजवणारे सीलंट) लावून सिंक बसवावे. आपल्याकडे पावसाळ्यात वाळायला बराच वेळ लागतो. घाई करू नये. सिलिकॉन बुरशीरोधक घ्यावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. फळीची खालची बाजू कोरीच आहे. तिला काही लावावे लागेल का?

उत्तर २ (सीवूड्स)
होय. एकाच बाजूला सनमायका असला की दमट हवेत दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि फळी बाक धरते. खाली स्वस्तातला ०.८ मिमीचा सनमायका चालेल, पण तो भोक पाडण्यापूर्वी चिकटवावा. मग टवके खालच्या बाजूलाही उडू शकतील. तिथे ते दिसणार नाहीत, तरी आखणीच्या रेषेवर मास्किंग टेप लावूनच कापा.